दोघांत एक

"भडंग खाली ठेव, समू."

माझी मूठ तोंडापाशी पोचली होती. मी घाईघाईनं निम्मी तोंडात कोंबली आणि उरलेली वाटीत टाकली. जयसिंगपुरात राहून भडंग खायचं नाही, म्हणजे शाळेत जायचं पण बाकावर बसायचं नाही, तसलं काहीतरी.

"तिखट, तेलकट, काय काय घालतात त्या चुरमुऱ्यांत," आई म्हणाली. "त्रिशलाला सुद्धा असंच चटकमटक लागायचं."

"मावशी भडंग कधी खायचीच नाही. लसूण असतो म्हणून."

"उलट बोलू नकोस."

समोर सोफ्यावर माझा दादा, श्रेयांस, गालात माव्याचा गोळा दाबून मोबाइल बघत होता. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळलेला. कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतो आणि दादाच्या खिशात कायम असतो. आई त्याला दिवसातून एकदा "थुंक ते" म्हणायची आणि विसरायची. आमची थोरली आत्ती, पप्पांची बहीण, खिडकीत बसून मिशरी लावत होती. ती सत्तरीच्या पुढं गेली आहे, आणि भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावल्याशिवाय तिला दिवस सुरू झाला असं वाटत नाही.

म्हणजे त्या खोलीत तंबाखूवाले दोघं, आणि बोलणी खात होती भडंगवाली.

ही गोष्ट मी नववीत होते तेव्हाची. आता मी बारावीत आहे. पण ते सगळं आठवलं की अजून माझ्या डोक्यात आधी गोंधळच उभा राहतो.

त्याच्या आदल्या वर्षी त्रिशला मावशी गेली. आईची धाकटी बहीण. चाळिशी नुकती ओलांडली होती. तिच्यासारखं काटेकोर जगणारं माणूस मी पाहिलं नाही. जैनांच्या घरातही सगळे काही एवढं पाळत नाहीत, पण ती दिवस मावळायच्या आत जेवायची, पाणी गाळून उकळून प्यायची, जमिनीखालचं काही खायची नाही. वर शाळेत खेळाची शिक्षिका. स्वतः खो-खो खेळून जिल्ह्यापर्यंत गेलेली. तरी तिला कॅन्सर झाला. आणि ती गेल्यावर सहा महिन्यांत आईच्या छातीत गाठ निघाली. आईचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. ती बरी होत होती. पण दोघी बहिणींना झालं म्हटल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्या रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली.

आणि मी? मी मावशीवर गेले आहे. हे मी नाही म्हणत, बारशाला आलेल्या प्रत्येक बाईनं म्हटलं होतं म्हणे. तेच पसरट नाक, तेच कुरळे केस, हसताना एक डोळा बारीक होणं. मी खो-खो खेळायला लागले तेव्हा तर सगळ्यांनी हात टेकले. मावशी होती तोवर हे ऐकून मी फुशारून जायचे. ती गेल्यावर तेच लोक तेच बोलायचे, पण मधेच थांबायचे.

आईच्या तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही चौघंही मिरजेला गेलो. डॉक्टर केरूर मॅडमच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुमच्या एका जनुकात बदल सापडलाय," मॅडम आईला म्हणाल्या. "तो आईवडिलांपैकी कुणाकडून तरी तुमच्याकडे आला. बहुधा बहिणीतही होता."

"पण ती सगळं पाळायची हो," आई म्हणाली. "आमच्या नणंदबाई बघा, जन्मभर मिशरी लावतात, त्यांना काही नाही. आणि माझी बहीण... मग एवढं पाळून काय मिळालं तिला?"

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी पप्पांना विचारलं, "तुमचं मोटारींचं दुकान आहे ना?"

"व्हय. पंप, मोटार रिवायंडिंग."

"मग असं समजा, शरीरातल्या प्रत्येक पेशीला बिघाड थांबवणारे दोन फ्यूज आहेत. बहुतेक माणसं दोन्ही चालू घेऊन जन्माला येतात. ह्यांच्यातला एक जन्मापासूनच गेलेला होता. दुसऱ्यावर काम चाललं होतं. तो उडाला की आजार."

"म्हंजे एका फ्यूजवर चालवायचं," पप्पा म्हणाले. ही भाषा त्यांना एकदम पटली.

"हो. व्यायाम, वजन आटोक्यात, तंबाखू-दारू नाही, खाणं साधं, ह्यानं धोका कमी होतो. शून्य होत नाही. तुमच्या बहिणीनं पाळलं ते चुकीचं नव्हतं, ताई. पण सगळं आपल्या पाळण्यावर नसतं. आणि त्या मिशरीवाल्या नणंदबाईंना एकदा तोंड दाखवायला आणा. आजवर झालं नाही म्हणजे होणार नाही, असं नाही."

मला राहवेना. नववीत मी नुकतीच बोलायला लागले होते. आठवीपर्यंत वर्गात हजेरीसुद्धा मी हळू आवाजात द्यायचे. मग खो-खोच्या संघाची कप्तान झाले आणि जीभ सुटली ती सुटलीच.

"मॅडम, मी मावशीसारखी दिसते. अगदी सेम. म्हणजे मला आहे, ना?"

आईनं माझा हात घट्ट धरला.

"नाकावरून ह्यातलं काही कळत नाही गं," मॅडम हसल्या. "नाक वेगळं, हे वेगळं. आईकडून प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता निम्मी. मुलगा असो, मुलगी असो. तपासणी मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच. तोवर तू खेळ, खा, अभ्यास कर. भाऊ मोठा आहे ना? त्याला हवी तर आता करता येईल."

"त्याला कशाला?" आई म्हणाली. "तो ह्यांच्यावर गेलाय."

खरंच, दादा म्हणजे पप्पांची झेरॉक्स. तसाच लांबोडका चेहरा, तसेच कान.

परतीच्या वाटेवर गाडी मिरजेच्या बाहेर आली. मग पप्पांनी स्टिअरिंगवर बोट आपटलं. "निम्मी म्हणाल्या. पोरं दोन. दोघांचं निम्मं एक. म्हंजे दोघांत एकाला."

पप्पांच्या घरात सगळ्याची वाटणी अशीच झालेली. दुकान दोघा भावांत निम्मं, शेत निम्मं, विहिरीचं पाणी एक दिवसाआड. निम्मं म्हटलं की त्यांना दोन हिस्सेच दिसतात.

"दोघांत एकाला," आईनं परत म्हटलं, आणि मान वळवून मागं बघितलं. दादाकडं नाही. माझ्याकडं.

मला ते अगदी बरोबर वाटलं. गणितात मला चांगले मार्क पडायचे, तरी वाटलं. भीती वाटायला लागली की गणित कुठं जातं कोण जाणे.

घरी गेल्यावर आईनं मला मावशीपासून वेगळं करायला घेतलं. दुसरा शब्दच नाही त्याला. मावशीनं दिलेला स्टीलचा डबा माळ्यावर गेला. माझ्या कुरळ्या केसांना तेल चोपडून इतक्या घट्ट वेण्या घातल्या की भुवया वर ओढल्या गेल्या. पिवळा ड्रेस मावशीला आवडायचा म्हणून तो शेजारच्या मुलीला दिला. रोज सकाळी दुधीचा रस आला. मावशी तो प्यायची नाही, हाच त्याचा औषधी गुण.

आणि मग एका संध्याकाळी, "उद्यापासून खो-खो बंद."

"काय?" मी ओरडलेच. "शिरोळला तालुक्याचे सामने आहेत! मी कप्तान आहे!"

"त्रिशलापण कप्तान होती."

"आई, केरूर मॅडम म्हणाल्या व्यायाम चांगला! तू समोर होतीस!"

"मला नाही कळत डॉक्टरांचं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "सगळं चांगलं तेच करत होती त्रिशला. सगळं. मग मी कशाला चांगलं म्हणू, सांग मला?"

मला आईचा राग आला होता, आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना, म्हणून मी गच्चीवर गेले.

दादा पाण्याच्या टाकीला टेकून मावा मळत होता.

"रडू नकोस, मांजरे."

"मी रडत नाहीय. तेल डोळ्यांत गेलंय."

"बरं. तेल." त्यानं गोळा गालात ठेवला. "ऐक. दोघांत एकाला, होय ना? मग माझी तपासणी करू. मला निघालं की तू सुटलीस. खेळ, भडंग, सगळं चालू."

"आणि तुला नाही निघालं तर?"

त्यानं गोळा दुसऱ्या गालात सरकवला. "तर मग आईला कळेल तरी. नुसतं नाकावरून नको."

"दादा, पण तुला निघालं तर तुला काय होणार?"

"मला काय होतंय? गड्यांना कुठं असलं होतं." दादा बारावी कॉमर्स कसाबसा पास होऊन पप्पांच्या दुकानात बसायला लागला होता. शास्त्राच्या पुस्तकाला त्यानं दहावीनंतर हात लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो मोटारीचे पार्ट आणायला मिरजेला गेला आणि रक्त देऊन आला. घरात सांगितलं तेव्हा पप्पा "बरं केलंस" म्हणाले. आत्ती म्हणाली, "एवढं रक्त काढलं? त्याला दूध द्या की गं."

निकालाला काही आठवडे लागणार होते. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मी आईबरोबर रोज जायचे. हात जोडून उभी राहायचे आणि पुढं काय म्हणायचं तेच कळायचं नाही. मला नसू दे, म्हणावं तर त्याचा अर्थ दादाला असू दे. असलं कुणी मागतं? दादाला नसू दे, म्हणावं तर मग मी. शेवटी मी नुसतेच डोळे मिटून आकडे मोजायचे आणि आईचं झालं की डोळे उघडायचे. रात्री जेवताना दादा माझ्या ताटातली भाकरी पळवायचा, मी त्याला चापट मारायचे, आणि मारता मारता मनात यायचं, ह्याला असेल तर मी सुटले. लगेच मी माझी उरलेली भाकरीही त्याच्या ताटात टाकायचे.

शाळेत मी मैदानाच्या कडेला बसायला लागले. आमच्या मगदूम मॅडम विज्ञान शिकवायच्या आणि खो-खोही. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसल्या.

"कप्तान कडेला का?"

मी सगळं सांगितलं. एका दमात. फ्यूज, नाक, दुधीचा रस, दोघांत एक, दादाचं रक्त.

त्यांनी पर्समधून एक नाणं काढलं. "मागच्या सामन्यात टॉस कुणी जिंकला?"

"आपण. छापा आला होता."

"मग शिरोळला काय येईल?"

"ते कसं सांगणार?"

"मागं छापा आला म्हणजे आता काटा यायला नको? दोघांत एक?"

मी नाणं उलटंसुलटं करून बघितलं.

"नाण्याला मागचं आठवत नाही, समू," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाचं नाणं वेगळं, तुझं वेगळं. दोघांनाही निघेल, दोघांनाही नाही निघणार, एकालाच निघेल. सगळं होऊ शकतं. त्याच्या निकालावरून तुझं काहीच कळत नाही."

काहीच कळत नाही! मला आधी इतकं हलकं वाटलं की मी उठून उभी राहिले. म्हणजे बस्तीत मला दादाच्या वाट्याचं काही मागायचंच नव्हतं! आणि मग त्या हलकेपणाच्या मागून दुसरं आलं. म्हणजे दादाला निघालं तरी मी सुटणार नाही. म्हणजे त्यानं उगीचच रक्त दिलं. मी परत खाली बसले. मॅडमनी माझी एक घट्ट वेणी सोडली आणि सैल घालून दिली.

घरी हे सांगायचं असं ठरवून मी धावतच निघाले. वाक्यंसुद्धा जुळवली होती. दारातच थबकले, कारण ओट्यापाशी दादाची गाडी होती आणि आतून त्याचा आवाज येत होता. मोठा, सणासुदीला असतो तसा.

"ही आली! ये, मांजरे!"

त्याच्या हातात भडंगाचं भलं मोठं पाकीट होतं. पप्पा उभे होते. आई खुर्चीत बसली होती, पदराचं टोक मुठीत. आत्ती खिडकीतून वळून बघत होती.

"मला निघालं," दादा म्हणाला. "माझ्यात आहे. म्हणजे तू सुटलीस! दोघांत एक!"

"अरे देवा," आई म्हणाली. ती हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. "अरे पण तुला..."

"मला काय होतंय, आई? गड्यांना फार नसतं हे. विचारलं मी. पुढं वय झाल्यावर अधूनमधून तपासायचं, बस्स."

"बायकांचा आजार तो," आत्तीनं निकाल दिला. "पोराला काय होतंय त्यानं. देवानं वाचवलं म्हणा दोघांना."

मी जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं. नाण्याला मागचं आठवत नाही. मी आईकडं बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले होते. मी दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं रोखून बघत होता; हसत होता, पण डोळे हसत नव्हते. त्यानं पाकीट फोडलं आणि मूठभर भडंग थेट माझ्या तोंडात कोंबलं.

"खा," तो म्हणाला. "आधी खा."

मी खाल्लं. लसूण, शेंगदाणा, तिखट. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं ते कुणी विचारलं नाही.

आईनं माझे केस बघितले, एक वेणी घट्ट, एक सैल. तिनं दुसरी वेणीही सोडली. मग म्हणाली, "सामने कधी आहेत तुझे?"

शिरोळला दादानंच मला गाडीवरून सोडलं. दोन्ही बाजूंना ऊस. मी मागं बसून जीव मुठीत धरून वाक्य शोधत होते. शेवटी त्याच्या कानाशी ओरडले, "दादा, तुला एक सांगायचंय. ते दोघांत एक असं नसतं."

त्यानं गाडी हळू केली. मग उसाच्या कडेला थांबवली. हेल्मेट काढलं.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"केरूर मॅडमनी समोर बसवून सांगितलं. दोन वेळा सांगितलं. कागदावर चित्र काढून. तुझं तुला अठरा झाल्यावरच कळणार."

"मग तू घरात..."

"मग काय करू?" तो म्हणाला. "आईला मुलाचं ऐकून फार भीती वाटत नाही, कारण तिला वाटतं गड्याला काही होत नाही. आणि मला निघालं म्हणजे तुला नाही, असं तिला वाटतंय. दोन्ही चूक आहे. पण बाई झोपायला लागली, समू. पहाटे मी उठलो तर चक्क घोरत होती."

मला हसू आलं आणि हसता हसता हुंदकाच आला. "आणि तुझं काय? खरंच काही होत नाही गड्यांना?"

"कमी होतं. होतच नाही असं नाही. पुढं तपासण्या करायच्या. पोरं झाली तर त्यांचंही निम्मं-निम्मं." हे बोलताना त्याचा हात सवयीनं खिशात गेला. माव्याची पुडी बाहेर आली. त्यानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि ती उसात लांब फेकून दिली.

"का रे?"

"एक घरातूनच मिळालंय," तो म्हणाला. "दुसरं पैसे देऊन कशाला आणू?"

मग त्यानं हेल्मेट घातलं, ते उलटं घातलं, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

सामन्यात आम्ही टॉस हरलो. काटा आला. मला मगदूम मॅडमकडं बघायचा धीर झाला नाही. मी चौकोनात उकिडवी बसले, शेजारची मुलगी माझ्या उलट्या दिशेला तोंड करून. खो-खोत असंच बसतात; धावणारी कुठून येतेय ते निम्म्यांना दिसतच नाही. पाठीवर हात पडेपर्यंत आपल्याला काही कळत नाही. फक्त पाय तयार ठेवायचे. माझ्या पाठीवर खो पडला तेव्हा मी इतक्या जोरात उठले की कुरळे केस सगळे तोंडावर आले.

दादाचा मावा एका दिवसात सुटला नाही. दोनदा परत सुरू झाला, तिसऱ्यांदा सुटला. आत्तीला आम्ही तोंड तपासायला नेलं. गालात एक पांढरा चट्टा निघाला, तेव्हापासून दर काही महिन्यांनी नेतो. मिशरी तिनं कमी केली म्हणते. मावशीचा डबा मी माळ्यावरून काढून आणला. आईनं बघितलं, पण परत वर ठेवला नाही.

पुढच्या महिन्यात मला अठरा पूर्ण होतील. दादा म्हणतो, मिरजेला जाताना गाडी तू चालव, मी मागं बसतो.

काल मी आईला सांगायचं ठरवलं. ती कणीक मळत होती. मी नाण्याचं सांगितलं, वेगवेगळ्या नाण्यांचं, दादाच्या निकालावरून माझं काही कळत नाही ते. तिनं मळणं थांबवलं नाही.

"दोघांत एक नसतं ते, ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

कधीपासून, ते मी विचारलं नाही. तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले, आणि ओल्या हातानंच माझ्या कपाळावरचे कुरळे केस मागं सारले.

"येताना भडंग आण," ती म्हणाली. "काहीही निघालं तरी आण."